ब्रेक नवे, तरी गाडी थांबेना!

ब्रेकचं काम करून गाडी गॅरेजमधून बाहेर काढावी आणि पहिल्याच सिग्नलला पेडल नेहमीपेक्षा खोल जावं, असं पुष्कळांच्या वाट्याला येतं. मग कोणी म्हणतं, ‘नवीन आहेत, बसतील हळूहळू.’ कोणी म्हणतं, ‘पार्ट डुप्लिकेट दिसतायत, परत बदला.’ दोन्ही सल्ले घाईचे आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर अंतर कापते. म्हणून ‘बसतील’ म्हणत वाट बघणं धोक्याचं, आणि दोष न शोधता पार्ट बदलत राहणं खर्चाचं. पेडल पायाला कसं लागतं, यावरून दोष कुठे आहे हे बरंचसं कळतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात; तशी गाडी डोळ्यांपुढे ठेवून हे गैरसमज तपासू.

गैरसमज : नवे पॅड पहिल्या किलोमीटरपासून जुन्यापेक्षा जोरात लागतात.

वस्तुस्थिती : नवा पॅड आणि डिस्क सुरुवातीला पूर्ण पृष्ठभागाने एकमेकांना टेकत नाहीत. पॅडच्या मसाल्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढला की पकड येते. त्यासाठी मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी ५०-६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करायचा आणि मध्ये ब्रेक थंड होऊ देत हे आठ-दहा वेळा करायचं. ब्रेक तापलेले असताना पेडल दाबून जागेवर उभं राहायचं नाही. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर, संकट नसेल तर, करकचून ब्रेक मारणं टाळावं. शिवाय नव्या डिस्कला बहुधा गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसला नाही तर पॅड तेल पितात. असे पॅड पॉलिश पेपरने घासून भागत नाही, बदलावेच लागतात.

पण एक लक्षात ठेवा. ब्रेक ‘बसेपर्यंत’ पकड थोडी कमी असू शकते. पेडल मात्र लिबलिबीत किंवा खोल जाता कामा नये.

गैरसमज : लिबलिबीत पेडल चालवून चालवून कडक होतं.

वस्तुस्थिती : लिबलिबीत पेडल म्हणजे बहुधा लाइनमध्ये शिरलेली हवा. पाण्याने भरलेल्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबला तर तो हलत नाही. आत हवा असेल तर आत जातो. ब्रेक लाइनमध्येही हेच घडतं. कॅलिपर, होज किंवा व्हील सिलिंडर बदलताना लाइन उघडली की हवा शिरते, आणि ती ब्लीडिंग करूनच काढावी लागते. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करायचा आणि पेडल सोडण्याआधी तो पुन्हा आवळायचा. आवळायला उशीर झाला तर बाहेर गेलेली हवा परत आत ओढली जाते. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे येणं थांबेपर्यंत हे चालतं. चाकांचा क्रम गाडीप्रमाणे बदलतो, तो कंपनीच्या माहितीतूनच घ्यावा.

सगळं नीट करूनही हवा निघत नसेल तर कॅलिपर बघा. निपल वरच्या अंगाला असायला हवा. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला तर निपल खाली येतो आणि हवा वरच्या भागात अडकून राहते. मग कितीही ऑइल वाया घालवा, पेडल सुधारत नाही. हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली असेल तर काही गाड्यांमध्ये स्कॅनर जोडून त्याचा पंप चालवावा लागतो.

गैरसमज : पेडल खोल जातंय, म्हणजे हवाच आहे.

वस्तुस्थिती : पेडल दोन-तीनदा पटापट दाबून बघा. वर येऊन कडक लागलं, तर मागचे लायनर ड्रमपासून लांब राहिले असण्याची शक्यता जास्त. वर येऊनही लिबलिबीत राहिलं, तर हवा. नवे लायनर टाकल्यावर ॲडजस्टर फिरवून ते इतके जवळ आणावे लागतात, की ड्रम हाताने फिरवताना हलकीशी घासल्याची जाणीव व्हावी. हँडब्रेकची केबल त्यानंतर जुळवायची. आधी केबल ताणून हँडब्रेक ‘टाइट’ केला, तर लायनरचं मूळ अंतर तसंच राहतं.

एकसारखा दाब देऊन धरलेलं पेडल हळूहळू खाली सरकत असेल, तर आधी कुठे गळती आहे का ते पाहा. बाहेर थेंबही नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरच्या सीलवर. जुन्या गाडीत ब्लीडिंग करताना पेडल तळापर्यंत दाबलं की सील सिलिंडरच्या एरवी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावरून घासतात आणि फाटू शकतात. म्हणून काम पॅडचं झालं तरी बिघाड तिथे निघतो.

गैरसमज : पेडल कडक, म्हणजे ब्रेक उत्तम.

वस्तुस्थिती : पाय रोवूनही गाडी थांबत नसेल तर बूस्टर तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. ढिम्म राहिलं तर व्हॅक्यूमचा पाइप निसटलाय का, चिरलाय का, हे आधी बघावं.

गैरसमज : ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते, अलाइनमेंट करून घ्या.

वस्तुस्थिती : फक्त ब्रेक मारतानाच ओढत असेल तर आधी ब्रेक पाहा. एका बाजूची कॅलिपर पिन जाम झालेली असते, पिस्टन अडकलेला असतो, पॅडला तेल लागलेलं असतं किंवा रबरी होज आतून फुगून वाट अडवत असते. पॅड नवे घातले पण पिना साफ करून ग्रीस केल्या नाहीत, तर जुना दोष तसाच राहतो. ग्रीसही रबराला चालणारं, ब्रेकसाठीचंच हवं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. आणि पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत.

गैरसमज : ब्रेक ऑइल कुठलंही चालतं, कमी झालं की वरून ओता.

वस्तुस्थिती : टाकीच्या झाकणावर लिहिलेला ग्रेडच वापरा. डॉट ३ आणि डॉट ४ हवेतली आर्द्रता शोषतात, म्हणून कधीपासून उघडा पडलेला डबा वापरू नये. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो; पाणी मुरल्यावर त्यासाठी ठरलेली किमान मर्यादा १५५ अंश आहे. लांब घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला की हे ऑइल उकळून वाफ होते आणि पेडल खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावं, आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. इंजिन ऑइल तर चुकूनही ओतू नये. त्याने सगळी रबरी सीलं फुगून निकामी होतात. पातळी एकदम घटली असेल तर ऑइल ओतून पुढे जाऊ नका, गळती शोधा.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबा. पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या एक-दोन दाबांत पेडल तळाला जाणं साहजिक आहे. ते गॅरेजच्या आवारातच व्हायला हवं, रस्त्यावर नाही. त्यानंतरही पेडल खोल, लिबलिबीत किंवा सरकतं राहिलं, तर गाडी तिथेच ठेवा आणि मेकॅनिकला सोबत बसवून पेडल दाखवा. ‘ब्रेक लागत नाही’ एवढंच न सांगता पेडल नेमकं काय करतं ते सांगा. त्यावरून चांगल्या कारागिराला कुठून सुरुवात करायची ते कळतं, आणि तुमचे नको त्या पार्टचे पैसे वाचतात.