ते बोटीवरचं पुस्तक

‘वाचायला वेळ कुठे आहे यार?’ हा आपल्या पिढीचा पेटंट डायलॉग. माझाही होता. मग एका रात्री आजीचा फोन आला...

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ. आजी एरवी फक्त रविवारी सकाळी फोन करते, तोही ‘जेवलीस का’ आणि ‘लग्नाचं काय’ अशा दोन कलमी अजेंड्यावर. त्यामुळे मी दचकलेच.

‘अगं, मला एक पुस्तक हवंय. नाव आठवत नाही. बोटीवरचं आहे. एक आपल्याकडचा मुलगा असतो आणि एक जर्मन मुलगी.’

‘लेखक कोण?’

‘ते आठवलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?’

पॉइंट होता.

आजी आता ८४ ची आहे. नाशिकला काका-काकूंकडे असते. गेल्या दोन वर्षांत तिच्या डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. कडेचं दिसतं, मधलं पुसट. म्हणजे आलेला माणूस ओळखू येतो, पण पेपर वाचता येत नाही. ठाण्यात वाढलेली ही बाई लग्नाआधी तिथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची मेंबर होती. १८९३ साली सुरू झालेली ही लायब्ररी फक्त मराठी पुस्तकांसाठी उभी राहिली. तिचं कार्ड म्हणजे आजीच्या लेखी आपल्या क्रेडिट कार्डाइतकीच इज्जत! १९६१ च्या वैशाखात तिचं लग्न ठरलं. सासरी जाण्याआधी सगळी पुस्तकं परत करायला वडिलांनी सांगितलं. ती बोटीची कादंबरी तेव्हा अर्धी झाली होती. पुस्तक परत गेलं, शेवट राहिला. लायब्ररीच्या जाड बाइंडिंगमध्ये पहिली पानं फाटलेली, त्यामुळे नावही मनावर ठसलं नाही.

‘इतकी वर्षं शोधलं का नाहीस मग?’ मी विचारलं.

‘शोधायला बसले असते तर स्वयंपाक कोणी केला असता?’

यावर मास कॉमची डिग्री असलेल्या मुलीकडे काही उत्तर नव्हतं.

आता माझी अवस्था सांगते, म्हणजे लाज शेअर होईल. मी स्वतःला ‘बुक पर्सन’ म्हणवते. इन्स्टावर कॉफीच्या मगशेजारी पुस्तक ठेवून काढलेले फोटो आहेत. गुडरीड्सवर माझ्या ‘वाचायचंय’च्या शेल्फात १४७ पुस्तकं आहेत, आणि गेल्या वर्षी मी पूर्ण केलेली पुस्तकं सहा. त्यातलं एक वजन कमी करण्याबद्दलचं होतं. मुलुंडहून फोर्टला मीटिंगला जाताना पर्समध्ये पुस्तक असतंच. खिडकीची सीट मिळाली की मी ते उघडते, दीड पान वाचते, मोबाइल थरथरतो आणि थेट सीएसएमटीलाच मान वर होते. तुमचंही असंच होत असेल, तर टाळी द्या.

तर मी आमच्या ऑनलाइन पुस्तकवेड्यांना मेसेज टाकला. ही आमची गँग मजेदार आहे. एकमेकांना आम्ही फारसे भेटलेलो नाही, ओळख झाली ती पुस्तकांवरच्या भांडणातून. डोंबिवलीचा एक सॉफ्टवेअरवाला, बाणेरची एक एचआर मॅनेजर, एक शिकाऊ डॉक्टर आणि सिएटलला राहणारे एक काका, जे आमच्या झोपेच्या वेळी जागे असतात. मी लिहिलं, ‘बोट, मराठी मुलगा, जर्मन मुलगी, १९६१ च्या आधीचं. नाव सांगा.’

चार मिनिटं लागली. तीन जणांनी एकच उत्तर दिलं. काकांनी तर वर एक वाक्यही लिहिलं, ‘हे तुला माहीत नाही?’

‘रणांगण’. विश्राम बेडेकर. १९३९.

नाव मी ऐकलेलं होतं हो! कॉलेजात मराठीच्या बाईंनी किमान दोनदा घेतलं असेल. पण नाव ऐकणं आणि पुस्तक माहीत असणं यात दादर ते डहाणू एवढं अंतर आहे.

*मिळणं सोपं, हेच अवघड*

मग ते मिळवायची पाळी आली. फोनवर दोन टिचक्या, ऑर्डर प्लेस्ड. ज्या वेबसाइटवरून मागवलं तिचं नाव सांगत नाही. चौथ्या दिवशी पार्सल आलं आणि त्यातून निघालं लढायांवरचं एक भलतंच जाडजूड पुस्तक! नाव वाचून कोणीतरी तोफा-तलवारीचा अंदाज बांधला असावा. परत पाठवण्याच्या भानगडीत आणखी आठवडा गेला. शेवटी मी दादरला उतरून छबिलदासच्या गल्लीत ‘आयडियल’मध्ये गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी मी वाक्य पूर्ण करायच्या आत मागे न बघता हात लांब केला आणि पुस्तक पुढ्यात ठेवलं. अल्गोरिदमला हे अजून जमलेलं नाही, बॉस.

मराठी पुस्तक शोधणं हा खरं तर एक स्वतंत्र छंद आहे. गुडरीड्सवर एकच कादंबरी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी पडलेली असते, त्यामुळे एका पुस्तकाचे वाचक तीन बेटांवर राहतात. आवृत्ती साधारण हजाराच्या घरातली. ती संपली आणि प्रकाशकाने पुन्हा छापली नाही, की पुस्तक हवेत विरतं. मग रद्दीवाला, फोर्टचे फुटपाथ नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावरची ट्रंक. उलट ‘श्यामची आई’ बघा, डझनावारी प्रकाशकांची मिळते. कारण साधं आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ च्या पहिल्या तारखेपासून त्यांचं लेखन कोणालाही छापायला मोकळं झालं. अशी हक्क संपलेली कितीतरी जुनी मराठी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन होऊन पडली आहेत. पण ज्यांचा हक्क जिवंत आहे आणि आवृत्ती मात्र संपलीय, त्या मधल्या पुस्तकांचे हाल कुत्रा खात नाही. जी. ए. कुलकर्णी १९८७ ला गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं २०४८ पर्यंत प्रकाशकाच्याच भरवशावर. जी. एं.ना वाचक आहेत, त्यामुळे त्यांची चिंता नाही. त्याच काळातल्या इतर किती जणांचं काय झालं, हे रद्दीवाल्याला विचारा.

दुकानांचंही तेच. फोर्टमधलं टी. एन. शानभागांचं ‘स्ट्रँड’ १९४८ साली सुरू झालं आणि २०१८ मध्ये बंद झालं. ते बंद झालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी हळहळ व्यक्त करणाऱ्या पोस्ट टाकल्या. मी मनातल्या मनात मोजलं, बंद होण्याआधीच्या दोन वर्षांत मी तिथून किती पुस्तकं घेतली होती? एक. त्याचंही बिल मैत्रिणीने भरलं होतं.

पण अगदीच रडगाणं नाही हं. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं आली, २०१७ च्या शेवटी ‘स्टोरीटेल’ भारतात आलं आणि लोकलमध्ये दांड्याला लटकून कादंबरी ऐकायची सोय झाली. त्याच वर्षी मे महिन्यात पाचगणीजवळचं भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथे स्ट्रॉबेरीवाल्यांच्या घरांत पुस्तकं ठेवली आहेत, जा आणि वाचत बसा. आणि आजीच्या नाशिकमध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. आयडिया एकदम साधी. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती एका घरी ठेवायची, आजूबाजूच्यांनी वाचायची, काही महिन्यांनी पेटी बदलायची. पुढे अशा मराठी पेट्या दुबईपर्यंत पोचल्या. मला यातली एक गोष्ट फार आवडते. पेटीत काय असेल ते आपण ठरवत नाही. ‘तुम्हाला हे आवडलं म्हणून तेही आवडेल’ ही भानगडच नाही. म्हणूनच कधी न उचललेलं पुस्तक हाताला लागतं.

पुस्तक निवडायचा माझा स्वतःचा फंडाही ऑनलाइन दोस्तांमुळेच बदलला. आधी मी पाच स्टार बघून पुस्तकं घ्यायचे आणि हमखास फसायचे. आता मी बाणेरच्या एचआर बाईंना विचारते. आमची तीन पुस्तकांवर कडाक्याची भांडणं झाली आहेत, त्यामुळे तिला काय आवडत नाही हे मला पाठ आहे. तिने ‘बोअर, काहीच घडत नाही’ म्हटलं की मी डोळे मिटून ऑर्डर करते.

*साडेनऊची फास्ट*

तर पुस्तक मिळालं. आता ते नाशिकला पाठवून उपयोग काय? वाचणार कोण? काका-काकूंची दुकानाची वेळ, पोरं क्लासला. मी आजीला ऑडिओबुक लावून द्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्याच कादंबरीचं होतं, नमुना म्हणून. दहा मिनिटांत फोन. ‘तो माणूस थांबतच नाही गं. मध्ये विचार करायला वेळ नको का?’

मग मीच म्हटलं, मी वाचते. रोज रात्री साडेनऊला, फोनवर, वीस मिनिटं.

पहिल्या रात्री मी इतकी वाईट वाचलं की विचारू नका. शाळेनंतर मोठ्याने मराठी वाचलंच नव्हतं. श्वास कुठे घ्यायचा ते कळेना, जोडाक्षरावर गाडी अडखळायची. आजी पलीकडून शांतपणे दुरुस्त करायची. ‘च’ चहातला नाही, चमच्यातला. तिसऱ्या रात्री डेडलाइन होती, म्हणून मी स्पीकरवर फोन ठेवून एका डोळ्याने लॅपटॉपवर मेल बघत वाचायला लागले. दोन वाक्यांनंतर आजी म्हणाली, ‘तुझं काम होऊ दे, मग फोन कर.’ तिला दिसत नाही, पण कळतं सगळं. मी लॅपटॉप बंद केला.

आणि गंमत सांगू? पाचव्या-सहाव्या रात्री मला ते पुस्तक दिवसाही आठवायला लागलं. ते वरून लव्ह स्टोरी आहे, पण बोटीवरची बाकीची माणसं कोण आहेत ते कळायला लागलं की पोटात खड्डा पडतो. नाझी जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू लोक. मी त्यावर थोडं वाचलं. १९३८-३९ मध्ये युरोपातून सुएझमार्गे, मुंबईवरून शांघायकडे जाणाऱ्या इटालियन बोटींमधून अशी हजारो माणसं गेली, कारण शांघायला उतरायला व्हिसा लागत नव्हता. बाकी जगाने दारं लावून घेतली होती. आणि हे मराठीत, महायुद्ध पेटलं त्याच वर्षी कोणीतरी लिहून ठेवलेलं! मी जर्मनीतल्या त्या दिवसांवरच्या किमान चार वेबसीरिज बघितल्या आहेत. घरच्या भाषेतलं हे पुस्तक आजीने सांगेपर्यंत उघडलं नव्हतं.

पुस्तक छोटं आहे. एका बैठकीत संपेल असं. आम्हाला सोळा रात्री लागल्या. कारण आजी मध्येच थांबवायची. ‘इथे मी दुपारची वाचत होते. आई ओरडली होती.’ ‘हे पान आठवतंय मला, यावर चहा सांडला होता, घाबरून मी लायब्ररीत बोललेच नाही.’ बाराव्या रात्री ती एकदम म्हणाली, ‘थांब. इथपर्यंतच झालं होतं माझं. पुढचं मला माहीत नाही.’

मी पानावर पेन्सिलने बारीक खूण केली. ६४ वर्षांनी पुढचं वाक्य वाचताना माझाच आवाज कापला, तिचा नाही.

शेवट सांगत नाही. ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही त्यांची मजा का घालवू? एवढंच सांगते की सोळाव्या रात्री शेवटचं वाक्य संपलं आणि पलीकडून काही आवाजच येईना. मला वाटलं रेंज गेली. ‘हॅलो? आजी?’

‘आहे गं.’

मग ती म्हणाली, ‘मी वेगळंच धरून चालले होते. इतकी वर्षं.’ तिने काय धरलं होतं ते तिने मला सांगितलं. सासरी पहिल्या वर्षी रात्री झोप येत नसे, तेव्हा ती ती गोष्ट पुढे न्यायची. त्या दोघांना तिने कुठल्या कुठे नेलं होतं, कुठे घर दिलं होतं, हे सगळं. बेडेकरांच्या शेवटापेक्षा तिचा शेवट बराच लांब होता आणि त्यात एक मुलगीही होती. ते मी इथे लिहू का, असं तिला विचारलं. ‘नको’ म्हणाली. ठीक आहे.

मी फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, ‘उद्या साडेनऊलाच ना?’

‘अगं, पुस्तक संपलं की.’

‘हो, पण अजून एक आहे. ते पण तेव्हाच राहिलं. त्यात एक बाई असते, आणि वाड्यात विहीर असते...’

‘नाव?’

‘नाव नाही बाई आठवत. हिरवं बाइंडिंग होतं.’

सिएटलच्या काकांना मेसेज टाकलाय. अजून कोणालाच ओळखता आलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर बघा, आजी वाट बघतेय.