तैनाती फौजेची बेटे

नाहा, ओकिनावा



जपान समजून घ्यायचा तर टोकियो सोडून ओकिनावाला यावे, असे माझे ठाम मत झाले आहे. देशाच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम ०.६ टक्के जमीन या बेटांवर आहे. पण केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरातल्या तळांपैकी सुमारे ७० टक्के जमीन इथेच अडकली आहे. युद्ध संपून ऐंशी वर्षे झाली, तरी गावाशेजारी तारेची कुंपणे उभी आहेत. वसई तालुक्यातल्या माणसाला याचे मूळ लवकर उमगेल.

हडपसरला यशवंतराव होळकरांकडून हरून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी आपल्या वसईत ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. सहा हजारांची तैनाती फौज, तिच्या खर्चापायी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख, आणि इंग्रजांना विचारल्याखेरीज कुणाशी बोलणी नाहीत. गादी पेशव्यांचीच राहिली, हुकूम मात्र कंपनीच्या रेसिडेंटाचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. हीच रीत पुढे शेकडो संस्थानांत चालली, मलायात आणि आफ्रिकेतही गेली.

सप्टेंबर १९४५ मध्ये जपान शरण आला, तेव्हा अमेरिकेने थेट लष्करी राज्याचे जाहीरनामे तयार ठेवले होते. लष्करी न्यायालये बसणार होती, सैन्याचे चलन चालणार होते. जपानचे परराष्ट्रमंत्री शिगेमित्सू योकोहामाला जाऊन अमेरिकी सेनापती मॅकआर्थरना भेटले आणि जाहीरनामे मागे पडले. वसईसारखेच जपानातही झाले: सम्राट राहिला, मंत्रिमंडळ राहिले. आदेश मॅकआर्थरच्या कचेरीतून निघत, अंमलबजावणी जपानी खाती करत आणि फौजेच्या खर्चाचा भार जपानी तिजोरीवर पडे. मॅकआर्थरना वसईचा तह ठाऊक असण्याची गरजच नव्हती. अमेरिकेची स्वतःची वसाहत होती, फिलिपिन्स. मॅकआर्थरांचे वडील तिथे लष्करी गव्हर्नर होते, आणि त्यांची स्वतःची कितीतरी वर्षे तिथेच गेली होती.

जपानचा ताबा घेतलेल्या फौजेत आपली माणसेही होती. ब्रिगेडियर थिमय्यांच्या २६८व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण होती, १७६८ मध्ये कंपनीनेच मुंबईत उभारलेली. स्वतःचा देश पारतंत्र्यात असताना हे जवान जपानात पहारा देत होते. याचे मला आजही फार वाईट वाटते.

या राजवटीत चांगलेही घडले, ते नाकारणे अन्यायाचे होईल. एप्रिल १९४६ मध्ये जपानी स्त्रियांनी प्रथमच लोकसभेच्या निवडणुकीत मत दिले. जपानी कुळे जमिनीची मालक झाली. आपल्याकडे कुळांना मालक करणारा कृषकदिन उजाडायला १९५७ साल यावे लागले.

पण ओकिनावाच्या नशिबी थेट लष्करी राज्यच आले. मुख्य भूमीवर बारगळलेले सैन्याचे चलन इथे १९५८ पर्यंत चालले, नंतर डॉलर आला. शेते बंदुकीच्या धाकाने, बुलडोझर घालून घेतली गेली. स्थानिक सरकार दिले, पण त्याचा प्रमुख लोकांना थेट निवडता आला तो १९६८ मध्ये. सुरुवातीला त्याला अमेरिकाच नेमत असे. ओकिनावाची स्वायत्तता ही कल्पितकथा आहे, असे अमेरिकी उच्चायुक्त कॅरावे यांनी १९६३ मध्ये उघड सांगितले.

८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत शांतता तह झाला आणि त्याच दिवशी अमेरिकी फौज जपानात ठेवण्याचा करारही झाला. त्या परिषदेला भारत गेला नाही. ही बेटे जपानला परत द्या आणि परकी फौज ठेवायची का, हे जपानला पूर्ण स्वतंत्र झाल्यावर ठरवू द्या, असे नेहरू सरकारचे म्हणणे होते. जून १९५२ मध्ये भारताने जपानशी वेगळा तह केला. तैनाती फौज भोगलेल्या देशाने घेतलेली ही भूमिका मला अभिमानाची वाटते.

१९७२ मध्ये बेटे परत मिळाली, तळ राहिले. त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा टोकियो उचलते. ओकिनावातल्या हेनोकोला समुद्रात भराव घालून नवा तळ बांधण्याच्या विरोधात २०१९ च्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मते पडली. राज्यपाल डेनी तामाकी यांनी भरावाच्या बदललेल्या आराखड्याला मंजुरी नाकारली, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये टोकियोने त्यांच्या वतीने स्वतःच ती देऊन टाकली, आणि जानेवारीत ओउरा उपसागरात दगड पडू लागले.