पाव किलो मोरचुदात ऑक्सिजन किती?

नाशिक-सांगलीकडे द्राक्षवेलींवर बुरशी चढू नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात. ते मोरचूद आणि कळीचा चुना यांच्यापासून बनतं. मोरचुदाचे खडे पाहिलेत कधी? निळेशार, काचेसारखे चमचमणारे! विषारी असतात हं, म्हणून नुसते बघायचे. या खड्यांत तांबं असतं. पण तांबं तर लालसर, मग खडे निळे कसे? थांबा, तिकडेही येऊ.

आधी पाव किलो मोरचूद तोलू. पाव किलोच का? कारण मोरचुदाचा १ मोल जवळजवळ २५० ग्रॅम भरतो. मोल म्हणजे ६०२२ या आकड्यापुढे २० शून्यं, इतके कण! एवढे मोजायला कोण बसणार? म्हणून रसायनशास्त्रात कण तोलून मोजतात.

मोरचुदाच्या एका कणात तांब्याचा १ अणू, गंधकाचा १ आणि ऑक्सिजनचे ४ अणू असतात. शिवाय पाण्याचे ५ रेणू. हो, ठणठणीत कोरड्या दिसणाऱ्या खड्यात पाणी! पाण्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचा आणखी १ अणू. पुष्कळ जण इथेच फसतात आणि ४ वर थांबतात. खरी बेरीज ४ + ५ = ९.

एका कणात ९ अणू, तर एका मोलात ९ मोल. ऑक्सिजनचा १ मोल १६ ग्रॅमचा, म्हणजे ९ × १६ = १४४ ग्रॅम. पाव किलोत निम्म्याहून जास्त ऑक्सिजनच! तांबं १ मोल, फक्त ६३.५ ग्रॅम.

प्रयोगशाळेत हे खडे तापवले की ५ मोल पाणी, म्हणजे ९० ग्रॅम, वाफ होऊन जातं. उरते पांढरी पूड. तांबं जिथल्या तिथे, १ मोल. ऑक्सिजन मात्र ९ वरून ४ मोलांवर. आणि निळा रंग गायब! पुडीवर पाणी शिंपडलं की तो परत येतो. म्हणजे तो रंग एकट्या तांब्याचा नव्हता, पाण्याचाही त्यात हात होता. मला तर ही जादूच वाटते.

बागेत १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद घेतात. म्हणजे ४ मोल तांबं, २५४ ग्रॅम. ते दिसतं का? चुना कमी पडला असेल तर दिसतं! तयार मिश्रणात लोखंडी विळा थोडा वेळ बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला, की शेतकरी आणखी चुना घालतो.