नसलेल्या पिकावरचा खर्च

परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कापूस संशोधन केंद्र मेहबूब बाग या नावाने ओळखले जाते. नाव निजामी राजवटीची आठवण करून देणारे, आणि तिथले महत्त्वाचे काम त्याहूनही जुन्या वस्तूवरचे: देशी कापसावरचे. केंद्राच्या बाहेर पडून जिंतूरच्या रस्त्याने जा की पाथरीच्या, दोन्ही बाजूंना सोयाबीन, बीटी कापूस आणि मधूनमधून तुरीच्या ओळी दिसतात. देशी कापूस शोधूनही क्वचितच सापडतो. मग एखाद्या काटेकोर हिशेबनिसाने विचारले, की जे पीक जिल्ह्यात जवळजवळ उरलेलेच नाही त्यावर सरकारी पैसा कशासाठी, तर काय उत्तर द्यायचे?

प्रश्न उद्धट नाही. मुळात पैसाच थोडा आहे. शेतीच्या एकूण उत्पन्नाचा निदान एक टक्का संशोधनावर खर्च व्हावा, असे आपल्याकडे कितीतरी वर्षे म्हटले जाते. प्रत्यक्षात तो आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली राहतो. परभणीचे विद्यापीठ १९७२ सालचे. त्याच्या पोतडीत राज्याचे अनुदान येते, आणि अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांतून दिल्लीचा पैसाही येतो; त्या प्रकल्पांत भारतीय कृषी संशोधन परिषदेचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के अशी वाटणी असते. पगार-भत्ते वजा जाता प्रत्यक्ष प्रयोगांना उरते ते फार नसते. एका पिकाच्या ताटात वाढले की दुसऱ्याच्या ताटातले कमी होते.

वाटपाची सर्वांत सोपी रीत समप्रमाणाची. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या उत्पादनमूल्यात ज्या पिकाचा जेवढा वाटा, तेवढाच त्याला संशोधनाचा पैसा. ही रीत दिसायला न्याय्य आहे आणि तिच्यात वशिल्याला वाव कमी. शिकागोच्या झ्वी ग्रिलिचेस यांनी १९५८ साली अमेरिकेतील संकरित मक्याचा हिशेब मांडला आणि त्या संशोधनाचा परतावा वर्षाला किमान ७०० टक्के निघतो असे दाखवले, तेव्हापासून संशोधनावरचा खर्च ही गुंतवणूकच आहे हे अर्थशास्त्राने मान्य केले. पण तो हिशेब यशस्वी ठरलेल्या पिकाचा आणि यश आल्यानंतरचा होता. पुढचा रुपया कुठे टाकावा हे त्यातून कळत नाही.

समप्रमाणाच्या रीतीची पहिली अडचण मोजमापाची. ज्वारीचे पहिले व्यापारी संकरित वाण, सीएसएच-१, १९६४ साली आले. धान्याचे वजन वाढले, पण आपल्या घरी ज्वारी म्हणजे एक पीक नव्हेच. ताटात भाकरी आणि गोठ्यात कडबा अशी ती दोन पिके आहेत. फक्त क्विंटल मोजणाऱ्याच्या वहीत कडबा येत नाही. गेल्या शतकाच्या तिशीत मोहोळला निवडलेली मालदांडी रब्बीच्या रानातून अजूनही हटत नाही, त्याचे एक कारण हे. परभणीचे ‘परभणी मोती’ हे वाण शेतकऱ्याने जवळ केले, कारण त्यात दाण्याबरोबर कडब्याचाही विचार होता.

दुसरी अडचण शेजाऱ्याची. मराठवाड्यातले सोयाबीन वाढले ते प्रामुख्याने जबलपूरच्या जेएस-३३५ या वाणावर. म्हणजे पीक आपले, पण संशोधन मध्य प्रदेशचे. शेजारी चांगले काम करत असेल तर तेच इथे पुन्हा करण्यात शहाणपण नाही. जे त्याच्या वाणात नाही, तेवढ्यावरच आपण जोर द्यावा. परभणीने यंत्राने काढता येईल असे एमएयूएस-१६२ दिले, हे मला योग्य वाटते. पण समप्रमाणाच्या तक्त्यात उसनवारीला रकाना नाही. तिथे सोयाबीनचे क्षेत्र मोठे म्हणून सोयाबीनचा वाटाही मोठा.

तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते: दुसरे कोण करणार? नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने काढलेला एनएचएच-४४, म्हणजे लोकांचा ‘नांदेड ४४’, कोरडवाहू रानातला एके काळचा भरवशाचा संकरित कापूस. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. ते जनुक कंपन्यांनी आपल्या संकरित वाणांत घातले, आणि संकरित बियाणे दर वर्षी नव्याने घ्यावे लागते. नांदेड ४४ मध्ये ते जनुक नव्हते. थोड्याच वर्षांत ते दुकानांतून दिसेनासे झाले. त्याचे बीटी रूप आले तोवर दीड दशक उलटले होते आणि गुलाबी बोंडअळीने बीजी-२ ला दाद देणे सोडले होते. इथे पैशाइतकीच जनुकाच्या मालकीची आणि परवान्यांची अडचण होती, हेही सांगितले पाहिजे.

देशी कापसाचे बी शेतकरी घरी राखू शकतो. म्हणूनच त्यात कंपनीला रस नाही. हा कापूस पाण्याचा ताण सोसतो, तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींपुढे टिकतो, पाने गुंडाळणारा विषाणू त्याला बाधत नाही. त्याचा दोष एकच, पण गिरणीच्या दृष्टीने मोठा: आखूड धागा. मेहबूब बागेतल्या पैदासकारांनी पीए-२५५, पीए-४०२ अशा वाणांतून तो लांबवत नेला आणि अलीकडच्या वाणांत २८ मिलिमीटरच्या पुढे नेला. सांगायला हे एक वाक्य आहे, पण खरिपाच्या पिकाची एक पिढी म्हणजे एक वर्ष. समप्रमाणाच्या रीतीने हे काम मध्येच कधीतरी बंद पडले असते. आणि बंद पडलेले असे काम पुढे पैसा आला म्हणून सुरू होत नाही. संग्रहातले बी ठरावीक काळाने पेरून ताजे ठेवावे लागते. एकदा उगवणशक्ती गेली की ती ओळ संपली. रस्ता दहा वर्षे उशिरा झाला तरी होतो. ओळ गेली ती गेली.

म्हणून माझे मत असे, की संशोधनाच्या पैशाचा एक लहान हिस्सा क्षेत्र आणि उत्पादन यांच्या गणिताबाहेर ठेवावा. त्याची एकच कसोटी असावी: आम्ही हे सोडले तर दुसरे कोणी करणार आहे का? भेंडीच्या ‘परभणी क्रांती’सारख्या वाणात आणलेली हळद्या रोगाची प्रतिकारशक्ती कालांतराने ओसरते आणि पुन्हा नव्याने शोध घ्यावा लागतो. तसले न संपणारे, कौतुक न मिळणारे कामही याच हिश्श्यात बसेल. त्यावर हिशेबनीस म्हणेल, की अशी कसोटी लावली तर प्रत्येक जण आपले लाडके पीक त्यात कोंबील. खरे आहे. दर पाच वर्षांनी बाहेरच्या माणसांनी हा हिस्सा तपासावा, एवढेच उत्तर माझ्याकडे आहे.

मात्र केवळ वाण काढून भागत नाही. देशी कापूस जिनिंगला नेला आणि तिथे तो इतर कापसाच्या ढिगात मिसळला, तर लांब धाग्याचा भाव शेतकऱ्याला मिळत नाही. वेगळी खरेदी, वेगळ्या गाठी हे काम संशोधनाच्या खात्यात येत नाही, पणनच्याही नाही. शिवाय पैदासकाराजवळचे मूठभर बी पिशव्यांत भरून दुकानापर्यंत यायला तीन-चार हंगामांचे गुणन लागते. जिंतूरकडच्या हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याने येत्या जूनमध्ये दुकानात जाऊन देशी कापसाचे बियाणे मागितले, तर ते काउंटरवर असेल की नाही, हे त्या तीन-चार हंगामांचा खर्च कोणी उचलला यावर ठरेल.