पुण्याने जिंकलेली लीग पुण्यालाच आठवत नाही

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार, पहाटेचे पाच. या वेळेला बिबवेवाडीत दोनच प्रकारची माणसं जागी असतात. एक, मार्केट यार्डात माल घ्यायला निघालेली आणि दोन, ज्यांचं आज सबमिशन आहे ती. त्या दिवशी तिसरा प्रकारही होता, आमचा. मैत्रिणीच्या फ्लॅटवर आम्ही पाच जणी, एक लॅपटॉप, पातेलंभर चहा आणि समोर सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल.

खोटं कशाला बोलू, आमच्यातल्या तिघी तर हाफटाइमला गाणाऱ्या केंड्रिक लमारसाठीच उठल्या होत्या. फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ असं धुतलं, पण आमच्या खोलीत गाजला तो एकच प्रश्न : "अगं, हे सारखे थांबतात कशाला?"

तेव्हा मी नुसती हसले. नंतर या विषयावर वाचायला बसले, तेव्हा कळलं की सगळा पैसा त्या थांबण्यातच आहे.

थांबा, जाहिरात आहे!

नियम थोडक्यात. चेंडू हातात असलेल्या टीमला चार प्रयत्न मिळतात. त्यात दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं, तर आणखी चार प्रयत्न. नाही जमलं, तर चेंडू समोरच्याकडे. सरकत सरकत शेवटच्या पट्ट्यात पोचलात की टचडाउन, सहा गुण. कबड्डीतल्या रेडसारखंच आहे हे. प्रत्येक चढाई वेगळी, प्रत्येकीनंतर क्षणभर श्वास.

फक्त हा श्वास फार लांब असतो. घड्याळात खेळ साठ मिनिटांचा, टीव्हीवर तो तीन तासांहून जास्त चालतो आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम अकरा-बारा मिनिटं. उरलेल्या वेळात रिप्ले, चर्चा आणि जाहिराती. २०२५ च्या सुपर बोलमध्ये तीस सेकंदांच्या जाहिरातीचा भाव ८० लाख डॉलरपर्यंत गेला होता. आपल्या हिशेबाने पासष्ट-सत्तर कोटी रुपये, तेही आपण एक घोट चहा घेईपर्यंत संपणारे.

एनएफएल, म्हणजे तिथली व्यावसायिक लीग, वर्षाला साधारण २३ अब्ज डॉलर कमावते. रुपयांत दोन लाख कोटींच्या घरात. आपल्या पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट साडेबारा हजार कोटींच्या आसपास होतं. म्हणजे रस्ते, पाणी, कचरा, शाळा सगळं धरून पुणं वर्षभरात जेवढा खर्च करतं, त्याच्या पंधरा पट कमाई एका खेळाच्या बत्तीस टीम करतात. टीव्ही आणि स्ट्रीमिंगचे अकरा वर्षांचे करारच ११० अब्ज डॉलरच्या वर आहेत. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, तेव्हा आपण तोंडात बोट घातलं होतं. एनएफएल साधारण तेवढे पैसे सात महिन्यांत मिळवते, आणि तेही फक्त प्रक्षेपणातून.

मला सगळ्यात भारी वाटली ती वाटणी. राष्ट्रीय करारांचे पैसे बत्तीस टीममध्ये सारखे वाटले जातात. त्यामुळे न्यूयॉर्कच्या टीमला जेवढे, तेवढेच ग्रीन बे नावाच्या लाखभर वस्तीच्या गावाच्या टीमला. ग्रीन बे पॅकर्सचा कोणी शेठ मालक नाही, पाच लाखांहून जास्त लोकांकडे तिचे शेअर आहेत आणि त्यांना लाभांश म्हणून एक पैसाही मिळत नाही. तरी लोक शेअर घेतात. का? कारण टीम आपली आहे.

हा 'आपली' शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

पुणे मराठाज, चॅम्पियन!

आता मुद्द्याचं. अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग भारतातही झाली आहे आणि तिचं पहिलं विजेतेपद पुण्याने जिंकलं आहे. माझ्या वर्गात हे विचारलं, तर एकालाही माहीत नव्हतं. मलाही आत्ताच कळलं.

२०११ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाची घोषणा झाली. पैसे लावणाऱ्यांमध्ये माइक डिटका, कर्ट वॉर्नर, मायकेल अर्विन, रॉन जॉवर्स्की अशी अमेरिकेत घरोघरी माहीत असलेली नावं होती. पॅकर्सकडून खेळलेला भारतीय वंशाचा ब्रँडन चिलारही होता. २०१२ मध्ये पहिला हंगाम झाला. मुंबई ग्लॅडिएटर्स, दिल्ली डिफेंडर्स आणि आपली टीम पुणे मराठाज. फायनलमध्ये पुण्याने दिल्लीला ६-० ने हरवलं.

पण हंगाम झाला कुठे? श्रीलंकेत. पुण्याची टीम चॅम्पियन झाली आणि पुणेकरांनी तिचा एकही सामना पुण्यात बसून पाहिला नाही. खेळाडू दुसऱ्या खेळांतून आणलेले, नियम नवे, चेंडूचा आकारही अनोळखी. हिशेब असा होता की आधी टीव्हीवर दाखवू, लोक आपोआप पाहतील, मग मैदानं भरतील. तशा थाटाचा दुसरा हंगाम काही आला नाही.

मला राहून राहून वाटतं ते त्या मुलांबद्दल. आपला आधीचा खेळ बाजूला ठेवून त्यांनी हा नवा खेळ शिकला, चॅम्पियन झाले, परत आले. आणि मग? 'मी चॅम्पियन आहे' हे सांगायलासुद्धा आधी दहा मिनिटं खेळाचे नियम समजावायला लागत असणार.

कबड्डी का चालली?

दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, प्रो कबड्डी आली. तीही टीव्हीसाठीच घडवलेली होती. तीच रोषणाई, तेच संगीत, बाहेरून आलेला पैसा. पहिल्याच हंगामाला साडेत्रेचाळीस कोटी प्रेक्षक मिळाले. पुढे २०२१ ते २०२५ या पाच हंगामांचे हक्क ९०० कोटींच्या वर गेले. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने हैदराबादमध्ये हरयाणा स्टीलर्सना २८-२५ ने हरवून विजेतेपद मिळवलं, तेव्हा कॅप्टन होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. ही ट्रॉफी मात्र पुण्याच्या लक्षात आहे.

फरक कुठे पडला? कबड्डी टीव्हीवर येण्याआधी मातीत होती. आमच्या शाळेच्या मैदानात होती, अप्परच्या मंडळांच्या स्पर्धांत होती. टीव्हीने फक्त दिवे लावले. मराठाजच्या वेळी दिवे आधी लागले, खाली मैदानच नव्हतं.

हेच जर्मनीतही दिसतं, फक्त उलट्या बाजूने. एनएफएलने युरोपात स्वतःची लीग चालवून पाहिली, तोटा सोसला आणि २००७ मध्ये ती बंद केली. पण जर्मनीत सत्तरच्या दशकापासून स्थानिक क्लब होते, ते खेळत राहिले. २०२२ मध्ये एनएफएलचा अधिकृत सामना पहिल्यांदा म्युनिकला झाला, तेव्हा स्टेडियम भरलेलं होतं. लीग गेली होती, खेळणारे राहिले होते.

एक कबुली

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. आठवीपर्यंत मी शाळेच्या टीममध्ये डावा कोपरा खेळायचे. २०१६ मध्ये प्रो कबड्डीसोबत महिलांची कबड्डी चॅलेंज झाली. तीन टीम होत्या आणि फायनलमध्ये स्टॉर्म क्वीन्सनी फायर बर्ड्सना २४-२३ असं एका गुणाने हरवलं. मी तेरा वर्षांची होते. आई भाकरी थापत थापत बाहेर येऊन बघत होती. मी तिला सांगून टाकलं, की मी पण तिथे जाणार.

पुढच्या वर्षी मी वाट पाहिली. त्याच्या पुढच्या वर्षीही. ती स्पर्धा पुन्हा झाली नाही. दहावीला क्लास लागले, गुडघाही दुखायला लागला, मी कबड्डी सोडली. कोणी सोडायला लावली नाही, माझी मीच सोडली. पण 'एकाच हंगामाची लीग' हे शब्द वाचले, की आजही मला तो टीव्ही आठवतो. म्हणून मराठाजच्या त्या अनोळखी मुलांची गोष्ट मला परकी वाटली नाही.

तिकडेही सगळं आलबेल नाही

एवढा पैसा असून एनएफएलला भविष्याची चिंता आहे आणि तिचं कारण आहे डोकं, अगदी शब्दशः. २००२ मध्ये माइक वेबस्टर हा नावाजलेला खेळाडू वारला. डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत वारंवार बसलेल्या धक्क्यांच्या खुणा सापडल्या. या आजाराला सीटीई म्हणतात. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, तर ११० जणांत सीटीई होता. लक्षणं दिसली म्हणूनच अनेक कुटुंबांनी हे मेंदू दान केले होते, त्यामुळे हा आकडा सगळ्या खेळाडूंना जसाच्या तसा लागू होत नाही. पण आईवडिलांना घाबरवायला तो पुरेसा आहे. लीगने माजी खेळाडूंना आतापर्यंत एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई दिली आहे.

अमेरिकेत हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणारी मुलं २००८-०९ मध्ये अकरा लाखांवर होती, दहा वर्षांत ती लाखभराने कमी झाली. प्रेक्षक मात्र वाढतच आहेत. २०२५ चा सुपर बोल सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला, तो एक विक्रमच. म्हणजे बघणारे वाढताहेत आणि खेळणारे घटताहेत. आजच्या उत्पन्नाला याने धक्का लागणार नाही, कारण करार झालेले आहेत. पण जी मुलं आज खेळत नाहीत, ती वीस वर्षांनी रविवारची दुपार या खेळासाठी राखून ठेवतील का?

म्हणून लीगची नजर बाहेर आहे. २०२५ च्या हंगामात ब्राझील, आयर्लंड, इंग्लंड, जर्मनी आणि स्पेनमध्ये मिळून सात सामने. साओ पाउलोचा सामना तर यूट्यूबवर जगभर फुकट दाखवला. आणि दुसरा मार्ग म्हणजे फ्लॅग फुटबॉल.

निर्णय झाला मुंबईत

१६ ऑक्टोबर २०२३ ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मुंबईत बैठक झाली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटला होकार मिळाला म्हणून आपण स्टेटस टाकले. त्याच मतदानात फ्लॅग फुटबॉलही आत आला, त्याकडे आपलं लक्षच गेलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात एनएफएलच्या मालकांनी आपल्या खेळाडूंना ऑलिंपिकमध्ये उतरायची परवानगीही दिली.

या प्रकारात हेल्मेट नाही, धडक नाही, टॅकल नाही. आणि ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या जेवढ्या टीम, तेवढ्याच महिलांच्या. हे वाचून मी त्या पाच जणींच्या ग्रुपवर मेसेज टाकला. दोन रविवारांनी अप्परजवळच्या टर्फवर आम्ही तास बुक केला. चेंडू ऑनलाइन मागवला, झेंडे म्हणून जुन्या ओढण्यांच्या पट्ट्या कमरेला खोचल्या. पहिली वीस मिनिटं चेंडू सरळ जाईना. मग कबड्डी खेळलेल्या दोघींना सूर सापडला. हुलकावणी द्यायची, अंग चोरून निसटायचं, हे आमच्या पायांना आधीच येत होतं. शेजारच्या टर्फवरची क्रिकेटवाली पोरं बॅट टेकवून बघत उभी राहिली. तासाच्या शेवटी त्यातल्या एकाने विचारलं, "ताई, आम्ही पण येऊ का?"

एनएफएलला भारतातून पैसा हवा असेल, तर तो अशा प्रश्नातून येईल, पहाटे पाचच्या लॅपटॉपमधून नाही. आणि त्याला वेळ लागेल, एका हंगामात तो येणार नाही.

तुमच्या कॉलेजमध्ये उद्या कोणी नवी लीग घेऊन आलं, तर टी-शर्ट जरूर घ्या, फोटोही काढा. पण वर्षं द्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा. तिसऱ्या हंगामाचे पैसे कुठून येणार? आणि लीग बंद पडली, तर सोमवारी संध्याकाळी आम्ही कुठे खेळायचं?

आमचं उत्तर ठरलंय. पुढचा रविवार, सकाळी सात, तेच टर्फ. ओढणी घरून आणायची.

चौकट : फ्लॅग फुटबॉल, पाच ओळींत

● एका बाजूला पाच खेळाडू. मैदान ५० यार्ड लांब, २५ यार्ड रुंद आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा.
● वीस मिनिटांचे दोन डाव.
● प्रत्येकाच्या कमरेला झेंडे. चेंडू घेऊन पळणाऱ्याचा झेंडा ओढला, की तो प्रयत्न तिथेच संपला.
● मध्यरेषा ओलांडायला चार प्रयत्न, मग टचडाउनसाठी पुन्हा चार.
● धक्का दिला, पकडलं, अडवलं, तर दंड. कबड्डीवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं!