रॅम वाढविल्यावर संगणक मुका झाला तर?

आमच्या जठारपेठेंतील अनेक घरांत आतां संगणक आहे. तो मंद चालूं लागला म्हणजे नवा घेण्यापेक्षां त्याची रॅम वाढवावी, हा सल्ला काटकसरीचा व बहुधा योग्यच असतो. परंतु कधीं कधीं असें घडतें कीं, नवी पट्टी बसवून बटण दाबावें, तों पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. मग 'मदरबोर्ड जळाला' अशी समजूत होऊन हजारों रुपये व्यर्थ खर्ची पडतात. म्हणून या व्याधीचें निदान कसें करावें, तें आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम धीराची गोष्ट. संगणकास स्मृति दोन प्रकारची असते. मुलांचीं टिपणें, कुटुंबाचीं छायाचित्रें हीं डिस्कवर असतात. तीं वहींतील अक्षरांप्रमाणें वीज गेली तरी टिकतात. रॅम ही पाटी होय. काम चालूं असेपर्यंत तिच्यावर लिहावयाचें. वीज जातांच सर्व पुसलें जावयाचें. पाटी बदलल्यानें वहींतील अक्षर जात नाहीं.

मग यंत्र अडतें कां? बटण दाबतांच संगणक प्रथम स्वतःची तपासणी करतो. तींत रॅम नीट हातीं लागली नाहीं, तर तो पुढें जातच नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेल्या व १९६२ सालीं 'टिफ्रॅक' हें नांव मिळालेल्या संगणकाची स्मृति २०४८ शब्दांची होती. दर शब्दास ४० द्विमान अंक, म्हणजे आजच्या मापानें अवघे १० किलोबाइट. आज ८ गिगाबाइटांच्या एका पट्टींत त्याच्या आठ लक्षांहून अधिक पट मजकूर मावतो. एवढा सारा व्यवहार कांठावरील बारीक सोनेरी टोंकांतून चालतो. त्यांतील एकाचा स्पर्श चुकला तरी काम अडूं शकतें.

उपायाचा मुख्य नियम हा: जो बदल शेवटीं केला, तोच प्रथम उलटवावा, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी.

विद्यार्थ्यांनीं हें काम वडील माणसांच्या देखत करावें. वीजपुरवठ्याची पेटी मुळींच उघडूं नये. संगणक बंद करून पिन काढावी, लॅपटॉपची बॅटरी अलग करावी, व बटण कांहीं क्षण दाबून धरावें, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यांत अंगावर वीज सहज सांचते. सुमारें ३००० व्होल्टांखालील झटका आपणांस जाणवतही नाहीं. रॅमला मात्र त्याहून कमीही घातक ठरतो. यास्तव नायलॉनचे कपडे टाळून सुती सदरा घालावा, व पेटीच्या उघड्या धातूस हात लावून मगच पट्टी कांठानें धरावी.

आतां नवी पट्टी काढून जुनी पूर्वींच्याच जागीं बसवावी. यंत्र सुरू झालें तर मदरबोर्ड शाबूत आहे, असें समजावें. मग नवी एकटीच बसवून पाहावी. अर्धवट बसलेली पट्टी हें या व्याधीचें फार सामान्य कारण होय. खटका नीट लागेपर्यंत ती सरळ दाबावी. तरीही खांच जुळत नसेल तर जोर करूं नये. डीडीआर-३, डीडीआर-४ व डीडीआर-५ यांच्या खांचा मुद्दाम निराळ्या ठिकाणीं ठेवलेल्या असतात. एकीच्या जागीं दुसरी चालत नाहीं. डीडीआर-५ असल्यास पहिल्या वेळीं यंत्रास ओळख पटण्यास कांहीं मिनिटें लागतात. तेव्हां घाईनें बटण दाबूं नये.

दोन्ही पट्ट्या एकएकट्या चालतात, पण मिळून चालत नाहींत, तर त्यांची जोडी जमत नाहीं. नवी बदलून घ्यावी. जुनीही चालेनाशी झाली, तर हाताच्या धक्क्यानें एखादी तार सैल झाली काय, तें पाहावें. नंतर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी कांहीं मिनिटें काढून परत बसवावी. यंत्र 'पीं पीं' असा आवाज करीत असल्यास ते मोजून माहितीपुस्तकांत त्यांचा अर्थ शोधावा.

इतकें करूनही यश न आलें, तर खुशाल कारागिराकडे जावें. पण काय काय करून पाहिलें, तें कागदावर लिहून न्यावें. त्यायोगें त्याचा वेळ वांचेल, आणि आपला पैसाही.