तीन ऋतू, एक वही : विद्यार्थ्यांच्या लेखनप्रगतीचे मूल्यमापन

भंडारा हा तलावांचा व धानाचा जिल्हा. आषाढ-श्रावणात पऱ्हे उपटून बांध्यांमध्ये रोवणी होते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते व धानाची चुरणी चालते. चैत्रात पहाटेच मोहफुले वेचली जातात. हे ऋतुचक्र येथील बालकांच्या नित्य परिचयाचे आहे. परंतु ‘पावसाळा’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला की वहीत मोर नाचू लागतो, इंद्रधनुष्य उमटते. रोवणी मात्र कोठेच आढळत नाही. अशा निबंधावरून पाठांतर कळते, लेखन कळत नाही. ज्या विद्यार्थ्यास स्वतःचे एक वाक्यही जुळविता येत नाही, तो पाठांतराच्या आड दडून राहतो आणि तसाच पुढच्या इयत्तेत जातो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा, तसेच शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण देण्याचा निर्देश आहे. त्यास अनुसरून राज्य शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी मूल्यमापनाची नवी पद्धती स्वीकारली. तीतील आकारिक मूल्यमापनात ऋतुनिष्ठ लेखनास सहज स्थान देता येते.

याची रीत सोपी आहे. जुलै, नोव्हेंबर व एप्रिल अशा तीन वेळी, एकाच वहीत, तारीख घालून, समान अवधीत लेखन करवून घ्यावे. विषय ठोकळेबाज नसावा. ‘रोवणीच्या दिवशी तुमच्या घरी सकाळपासून काय काय घडते?’ असा प्रश्न विद्यार्थ्यास आठवावयास व क्रम लावावयास भाग पाडतो. तुमसर तालुक्यातील खाणींच्या परिसरात किंवा भंडारा शहरात राहणाऱ्या बालकांना त्यांच्या अनुभवातील पर्याय द्यावा. अन्यथा लेखनाऐवजी शेतीच्या माहितीचीच परीक्षा होईल.

विषय बदलला तरी कसोट्या बदलू नयेत. घटनांचा क्रम, तपशील, वाक्यरचना, शब्दसंपत्ती व शुद्धलेखन या पाच बाबी तिन्ही वेळा स्वतंत्रपणे पाहाव्यात. एकाच एकत्रित गुणामुळे नेमकी उणीव झाकली जाते. जुलैत तुटक चार वाक्ये लिहिणारी विद्यार्थिनी एप्रिलमध्ये ‘म्हणून’, ‘त्यानंतर’ अशा शब्दांनी वाक्ये जोडू लागली, तर शुद्धलेखनाच्या चुका कायम असल्या तरी ती प्रगतीच होय. तुलना तिच्या स्वतःच्या मागील लेखनाशी करावयाची, शेजारच्या विद्यार्थ्याशी नव्हे.

‘पऱ्हे’, ‘बांधी’, ‘चुरणी’ हे बोलीतील शब्द वहीत आले, तर त्यांवर लाल रेघ ओढू नये. ते अनुभवाचे अचूक शब्द आहेत. प्रमाणभाषेतील पर्याय त्यांच्या शेजारी शिकविता येतो. पण घरचा शब्द चूक ठरला की बालक लिहिणेच टाळते. वर्षअखेरीस तीन ऋतूंची ही वही पालकांपुढे ठेवल्यास, आपल्या मुलाचे लेखन कोठून कोठवर आले, हे त्यांना गुणपत्रिकेपेक्षा अधिक स्पष्टपणे दिसेल.